फेकलेलं नाव

आवाज सांभाळणाऱ्या वाउटने मागच्या काचेच्या खोलीत कुठलीशी कळ वर सरकवली आणि त्या रिकाम्या सभागृहात एलिक्याच्या पप्पांचं खरं नाव घुमलं. आधी गिटार होत्या, गिटारींवर माणसांचा कल्ला होता, आणि त्या सगळ्याच्या वर, दारात उभं राहून कुणी हाक मारावी इतक्या स्वच्छ आवाजात, गायक ओरडला, "इलोंगा बोकुंगू! मातेतेच्या इलोंगा, आहेस ना रे?" पडद्यावर पप्पांचे डोळे मिटलेले होते, उजवा हात छातीवर होता, मान मागे टाकून ते हसत होते. एलिक्या तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. हे दृश्य तिने किती वेळा पाहिलं होतं याला गणती नव्हती. लॅपटॉपवर पाहिलं होतं, ट्राममध्ये कानात बोंडं खुपसून पाहिलं होतं, जेवताना ताटाशेजारी फोन टेकवून पाहिलं होतं. पप्पांच्या गळ्याची शीर कुठल्या क्षणी फुगते, पिवळ्या टायची गाठ कधी सरकते, हे तिला पाठ होतं. आणि ते नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. नव्हतं कसं? कानावर पडत होतंच की. पण ते गिटारींखाली दबलेलं होतं, आणि तिचं सगळं लक्ष त्या चेहऱ्यावर होतं.

"झकास!" वाउटचा आवाज छतातून आला. "गाणारा बिचारा गुदमरत होता. मी त्याला वर काढला. आता एकेक शब्द कळतो बघ."

"हो," एलिक्या म्हणाली. "कळतो."

तिच्या लोकांच्या गाण्यात नावं फेकतात. गाणं रंगात आलं, गिटार पळत सुटल्या की गायक मध्येच कुणाचं तरी नाव उचलतो आणि गर्दीत भिरकावतो: अमक्या गल्लीचा तमका, फलाणीचा धाकटा दीर, अँटवर्पचा सगळ्यात देखणा माणूस. ज्याचं नाव, त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. बाकीचे ओरडून तेच नाव परत फेकतात. लग्न असो, बारसं असो, नाव फेकल्याशिवाय गाणं संपतच नाही, आणि जन्मापासून हेच ऐकत आलेल्या माणसाला ती नावं ऐकू यायची बंद होतात. परक्या कुणी ही फिल्म कापली असती तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हा बाबा काय ओरडतोय? त्याने खाली भाषांतर लिहिलं असतं, ते नाव पकडलं असतं, वाचवलं असतं. एलिक्याने विचारलं नाही. ती ब्रसेल्समध्ये जन्मली, विद्यापीठात सिनेमा शिकली, आवाज कसा कापायचा याची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली, आणि मातोंगे या तिथल्या आफ्रिकी वस्तीतल्या कुठल्याही बाईसारखी त्या नावावरून सरळ पुढे गेली. स्वतःला फटकवावं असं तिला वाटलं, पण हात खुर्चीच्या पाठीवरून सुटत नव्हता.

ते नाव तिच्या घरात नव्हतं. दारावर, टपालपेटीवर, शाळेच्या हजेरीत होतं ते दोमिंगोस. अंतोनिओ दोमिंगोस, मूळचे अंगोलाचे. पप्पांनी अंगोला कधी पाहिला नव्हता. ते किन्शासात मातेतेच्या गल्ल्यांत वाढले, तिथेच ते शिवणकाम शिकले, तिथूनच ते निघाले. पण ज्या वर्षी ते इथे उतरले त्या वर्षी अंगोलाच्या माणसाला थारा मिळतो आणि किन्शासाच्या माणसाला परतीचं विमान दाखवतात असं सगळे सांगत होते. मग विमानाच्या शिडीवरून खाली येईपर्यंत ते अंगोलाचे झाले. त्या बोलण्यावर त्यांना कागद मिळाले, कागदांवर काम मिळालं, पुढे नागरिकत्व मिळालं, आणि शेवटी एलिक्या मिळाली, तीही दोमिंगोस. किन्शासाहून आजीचा फोन आला की पप्पा तो घेऊन न्हाणीघरात जात आणि नळ सोडून ठेवत. आजी ओरडून बोलायची. इतक्या लांबच्या माणसाशी ओरडूनच बोलायला हवं, अशी तिची समजूत. नळाच्या आवाजातूनही "इलोंगा, इलोंगा" असं दाराबाहेर यायचं. एलिक्या तेव्हा लहान होती. एका रविवारी पोंदूच्या भाजीत फुफूचा घास बुडवताना तिने सहज विचारलं, इलोंगा कोण? आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. पप्पांनी जेवण टाकलं, तिला कोट घातला, तलावावर फिरायला नेलं आणि बदकांकडे बघत सांगितलं, "ते नाव तोंडातून काढायचं नाही. शाळेत नाही, मैत्रिणीपाशी नाही. देवापाशीसुद्धा नको, त्याला माहीत आहे."

"काढलं तर?"

"तर आपल्याला जावं लागेल."

"कुठे?"

पप्पांनी तिला गरम वॅफल घेऊन दिलं, आणि ते तिने संपवलं नाही. तेव्हापासून कुठे जावं लागेल हे तिने मनाशीच ठरवून ठेवलं होतं: ती एक लांब खोली होती, बाकांची, जिथे सगळे कोट घालून बसलेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही. पुढे मोठी झाल्यावर तिला कळलं की अशा खोल्या खरोखरच असतात. खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब असंच गेलं होतं म्हणे, कुणीतरी कळवलं, एका सकाळी दार ठोठावलं गेलं. दुपारी त्यांच्या खिडकीत फक्त मनीप्लांट होता. खरं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे ते जास्तच खरं वाटायचं. विद्यापीठात पहिल्या वर्षी तिने वाचनालयात एकदा कायद्याचं जाडं पुस्तक काढलं. खोटं सांगून मिळवलेलं नागरिकत्व परत घेता येतं, असं त्यात लिहिलं होतं. मुलांचं काय, ते पुढच्या पानावर होतं. ते पान तिने उलटलं नाही, पुस्तक जागेवर ठेवलं आणि मैत्रिणींबरोबर कॉफी प्यायला गेली. कॉफी पिताना ती खूप हसली होती असं तिला आठवतं.

फिल्मचं नाव 'रविवारचे कपडे'. मातोंगेतली म्हातारी होत चाललेली पुरुषमंडळी, आठवडाभर कुणी झाडू मारतो, कुणी गोदामात खोकी उचलतो, आणि रविवारी तेच जांभळ्या सुटात, मगरीच्या कातड्याच्या बुटात, रेशमी रुमाल लावून रस्त्यावर असे चालतात की रस्ता त्यांच्या वाडवडिलांनी बांधला असावा. पप्पा त्यांचे कपडे शिवत, आणि स्वतःही त्यांच्यातलेच एक. शेवटचं दृश्य एका लग्नातलं. गाणारा पप्पांचा बालपणीचा सोबती, कितीतरी वर्षांनी भेटलेला. त्याला काय माहीत इथली भानगड? त्याने मित्राला पाहिलं आणि प्रेमाने नाव फेकलं. आणि पप्पांच्या तोंडावर जे उमटलं ते घरात कधी उमटलं नव्हतं. एलिक्याने कॅमेरा सोडला नाही. फिल्म त्या चेहऱ्यासाठीच केली असं ती सगळ्यांना सांगत असे. चेहरा एकटा असता तर काही बिघडत नव्हतं. चेहऱ्याचे कागद चोख होते. पण आता चेहरा आणि नाव एकाच चौकटीत होते, आणि नाव आल्याबरोबर चेहऱ्याने छातीवर हात ठेवून ओ दिली होती. याहून पक्का पुरावा कुणी मागून मिळाला नसता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने, सर्वोत्तम प्रकाशात तयार केला होता.

बाहेर मार्गिकेत जेवणाची गर्दी होती. विद्यार्थ्यांची परिषद, त्यामुळे घोषणा भरपूर आणि चमचे कमी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आफ्रिकी डायस्पोरा: संस्कृती आणि सिनेमा'. सकाळपासून केसांवर एक निबंध झाला होता, भातावर एक, आजीच्या गोष्टींवर दोन, आणि प्रत्येकात अस्मिता हा शब्द लोक असा घोळवत होते की जणू तो खिशात घालून कुठेही हिंडता येतो. एलिक्याने ताटलीत तळलेल्या केळ्याचे काप घेतले आणि एका खांबाशी उभी राहिली. फिल्म मागे घ्यावी का? मग बिंता विचारणार, का? आणि पप्पा तर एव्हाना ट्राममध्ये बसलेही असतील, ओर्तांस मावशीला घेऊन. त्यांना दारातून परत पाठवायचं? काय सांगून?

"अगं, तू इथे लपलीस होय!" बिंता गर्दीतून वाट काढत आली. परिषद तिनेच उभी केली होती. ती गिनीच्या आईबापांची, गेन्टची, आणि दोन रात्री झोपली नसूनही तिच्या डोक्यावरचं निळं फडकं जरासुद्धा कलंडलं नव्हतं. तिच्याबरोबर पांढऱ्या आखूड केसांची एक बाई होती, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. "या मादाम फर्लिंडेन. तुझ्या फिल्मनंतर पहिला प्रश्न यांचा. यांनी आपल्या निम्म्या आईबापांना ऐकलंय, ठाऊक आहे?"

"बिंता उगाच वाढवून सांगते," मादाम हसल्या. "निर्वासितांच्या मुलाखती घ्यायचे मी, सरकारी कचेरीत. आता निवृत्त झाले. लोक बोलायचे, मी ऐकायचे, एवढंच काम."

"अच्छा," एलिक्या म्हणाली.

"तेव्हा नुसतं खरं की खोटं एवढंच बघावं लागायचं. आता त्याच माणसांची गाणी ऐकायला येते, कारण तेव्हा ऐकता आली नाहीत. चेहरे मी विसरते हो, पण नावं नाही विसरत. खोडच आहे ती." त्यांनी एलिक्याच्या ताटलीकडे पाहिलं. "जेवा तुम्ही. हात किती थंड पडलेत तुमचे! पहिल्या प्रयोगाला असंच होतं."

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून चोळला. वाईट बाई असती तर सोपं होतं. या बाईचे डोळे प्रेमळ होते, तिला खरोखर वाटत होतं की समोरची मुलगी नवशिकी आहे म्हणून थरथरतेय. याच हातांनी लिहिलं असेल का, अंतोनिओ दोमिंगोस, अंगोला? की दुसऱ्या कुणाच्या? एलिक्याला एकदम वाटलं की या बाईला सगळं माहीत आहे. पुढच्याच क्षणी वाटलं, हिला काहीही माहीत नाही आणि मीच आता सांगून टाकणार आहे. जीभ टाळूला चिकटली होती म्हणून बरं. केळ्याचा एक काप जमिनीवर पडला. तो उचलायच्या निमित्ताने ती वाकली आणि वाकलेलीच गर्दीतून निघून गेली.

वाउट सँडविच खात होता. त्याच्या काचेच्या खोलीत तारा, कळा आणि चीजचा वास. "ते शेवटचं गाणं आहे ना," एलिक्या म्हणाली, "त्याचा आवाज बंद करता येईल?"

"कमी?"

"बंद. पूर्ण. नाच सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत."

"काहीतरीच काय! तिथेच तर तुझ्या फिल्मचा बार उडतो. मी मघाशी इतकी मेहनत घेतली."

"हक्कांचा घोळ आहे रे. गाण्याच्या मालकाचा निरोप आलाय. वाजवलं तर नोटीस पाठवेल."

"इथे? विद्यार्थ्यांच्या परिषदेत? कोण ऐकायला बसलंय?"

"वाउट, कर ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं, सँडविच खाली ठेवलं आणि खांदे उडवले. "बरं बाई. नाच सुरू झाला की कळ खाली. मुका नाच. लोकांना वाटेल कलाकृती आहे." तिने त्याचे आभार मानले ते जरा जास्तच झाले. ती जिना उतरायला लागली. झालं तर मग. एवढंसं तर होतं. ती उगाच घाबरते असं आई नेहमी म्हणते, आणि आई स्वतः टपालाचं लांब पाकीट आलं की ते उघडण्याआधी खिडकीचे पडदे ओढते.

दारापाशी पप्पांची मंडळी आली होती. ओर्तांस मावशी पुढे, मातोंगेत केसांचं दुकान चालवणारी, सोनेरी कपड्यात, आणि तिच्यामागे पप्पांच्या रविवारच्या टोळीतले दोन म्हातारे, एक जांभळा, एक पिस्ता. "हे विद्यापीठ?" मावशी धापा टाकत म्हणाली. "इतके जिने! शिकलेल्या लोकांना गुडघे नसतात का गं?"

"मावशी, लिफ्ट आहे ना कोपऱ्यात."

"आता सांगतेस, कार्टे! चला रे, पुढची जागा धरू. मी काही मागे बसायला नटले नाही." आणि ती त्या दोघांना ओढत आत गेलीसुद्धा.

पप्पा मागे राहिले. ते नटले नव्हते. मातोंगेबाहेर, मोठ्या इमारतीत जायचं असलं की ते तपकिरी कोट घालतात, कानटोपी घालतात, चष्मा लावतात आणि खांदे आत ओढून घेतात. फिल्ममधला माणूस आणि हा माणूस एकच, असं शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "इथला आवाज मोठा असतो ना गं?"

"पप्पा..."

"घरच्या त्या डबड्यावर काही धड ऐकू येत नाही." ते भिंतीवरची अक्षरं वाचत होते, निदान तसं दाखवत होते. "शेवटी, त्या गाण्यात..."

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. घरी पहिल्याच दिवशी, त्या डबड्यावर, गिटारींखालूनही. आपलं नाव माणसाला ऐकू येणारच. ऐकलं आणि काही बोलले नाहीत. ताटावरून उठून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि तिला वाटलं होतं फिल्म आवडली. आता एवढ्या ट्राम बदलून ते आले होते ते यासाठी: एकदा, मोठ्या सभागृहात, अंधारात बसून. एलिक्याला रडू फुटेल असं वाटलं, पण रडण्यापेक्षा भीती मोठी होती. "पप्पा, इथे एक बाई आलीय," ती कुजबुजली. "सरकारी कचेरीतली. मुलाखती घ्यायची ती. पहिल्या रांगेत बसणार आहे. आपल्या लिंगाला भाषेतलं सगळं तिला कळणार नाही, पण नाव तर नाव असतं. मी... मी तेवढा आवाज बंद करायला सांगितलाय."

दुकानदार संध्याकाळी फळ्या लावतो तसं पप्पांच्या चेहऱ्यावर एकेक करून सगळं बंद झालं. "बरं केलंस," ते म्हणाले. "शहाणी आहेस." त्यांनी कोटाचं सगळ्यात वरचं बटण लावलं, जे ते कधी लावत नाहीत कारण ते गळ्याला टोचतं. ते रागावले असते, ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांनीच तिला शिकवलं होतं आणि ती शिकली होती, रागवायचं कुणावर?

दिवे गेले. ती पहिल्या रांगेत कडेला बसली, मधे बिंता, पलीकडे मादाम. पप्पा मागे पाचव्या रांगेत, वाटेलगत. मावशी आणि म्हातारे दुसऱ्या रांगेत, बरोब्बर मधोमध. फिल्म सुरू झाली. लोक योग्य ठिकाणी हसत होते. जांभळ्या म्हाताऱ्याने पडद्यावर बूट पुसले तेव्हा मुलांनी शिट्ट्या मारल्या आणि तो अंधारात अर्धवट उठून मुजरा करून बसला. एलिक्याला काही दिसत नव्हतं. ती दृश्यं मोजत होती: आता दुकान, आता शिलाईचं यंत्र, आता चर्चची पायरी. वाउट विसरला तर? त्याला झोप लागली तर? मघाशी सँडविच किती मोठं होतं. मादामनी डोकं एका बाजूला कलतं केलं होतं, ऐकायची सवय असलेल्या माणसासारखं. मग लग्नाचा हॉल आला, गिटार सुरू झाल्या, पहिली माणसं उठली, आणि वाउट विसरला नाही. आवाज गेला.

मुक्याने नाचणारी माणसं वेडी दिसतात. पडद्यावर घाम होता, दात होते, हात हवेत होते आणि सभागृहात खुर्च्यांची कुरकुर ऐकू येत होती. कुणीतरी खोकलं. पप्पा चौकटीत आले. मान मागे टाकून हसणारे. गायकाचं तोंड उघडलं. ते नाव तिला ओठांवर दिसलं, पण ओठ वाचणारं इथे कुणी नव्हतं. अजून थोडंच, ती मनात म्हणाली, अजून थोडंच.

"अगं बाई, यंत्र बिघडलं की काय!" ओर्तांस मावशी मोठ्याने म्हणाली. ती त्या लग्नात होती. तिला ते गाणं, तो क्षण, ती हाक सगळं ठाऊक होतं, आणि भर गाण्यात एका माणसाचं नाव असं पडू द्यायचं, झेलायला कुणी नाही, हे तिला कसं बघवणार? गाणारा थांबला तर ऐकणाऱ्याने घ्यायचं असतं. तिने विचार केला नाही. दुकानातून रस्त्यापलीकडे हाक मारायचा तिचा आवाज अंधारात सुटला, "इलोंगा बोकुंगू!"

"मातेतेच्या इलोंगा, आहेस ना रे!" दोन्ही म्हातारे एकदम.

आणि टाळी सुरू झाली. आधी त्या तिघांची, मग मागून कुठून तरी, मग सगळीकडून. पोरांना वाटलं हे असंच ठरलेलं आहे. आवाज मुद्दाम काढलाय, आपण घालायचाय. सकाळपासून निबंध ऐकून आंबलेली पोरं ती. काही हसत, काही खुर्च्यांचे हात बडवत, आणि दर टाळीला, गेन्टची, लिएजची, गिनीची, सेनेगलची, बेल्जियनसुद्धा, एका सुरात, "इलोंगा! इलोंगा!" गिटार असत्या तर ते नाव त्यांच्या गर्दीतून एकदा येऊन गेलं असतं, परक्याच्या कानाला तो नुसता कल्लाच वाटला असता. आता त्याला लपायला काही उरलं नव्हतं, आणि ते तिनेच काढून घेतलं होतं. एलिक्याने कान झाकले नाहीत कारण बिंता तिच्याकडे आनंदाने बघत होती. मादाम फर्लिंडेन टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांचेही ओठ हलत होते. त्या नाव म्हणत होत्या. दोनदा, तीनदा, घोकल्यासारखं.

दिवे लागले तेव्हा लोक उभे राहिले होते. एलिक्याला कुणी तरी मंचावर नेलं, खुर्चीवर बसवलं, हातात माइक दिला. मादाम जागेवरूनच उभ्या राहिल्या. "मी कितीतरी बोलायचं ठरवून आले होते," त्या म्हणाल्या, "पण आता फक्त एकच विचारते. शेवटी आवाज काढून घेऊन तुम्ही नाव आमच्या तोंडी दिलंत. असं मी पाहिलं नव्हतं. कचेरीत माणसं आमच्यासमोर नाव सांगायची तेव्हा किती हळू सांगायची! म्हणून विचारते. हा इलोंगा बोकुंगू कोण? फिल्मच्या शेवटी आभारात सगळ्यांची नावं होती, त्याचं नव्हतं."

दुसऱ्या रांगेत ओर्तांस मावशीचं तोंड उघडंच राहिलं. तिला आत्ता कळलं होतं. तिने दोन्ही तळवे तोंडावर दाबले. एलिक्याच्या मनात एक वाक्य तयार होतं. दोनच शब्दांचं: माझे वडील. ते किती हलकं होतं, उच्चारलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आणि त्यानंतर? दोन दिवसांनी, दोन महिन्यांनी, कुठल्या सकाळी? बाई चांगली होती. पण या सभागृहात शंभर फोन होते आणि निम्मे चालू होते. ती लांब खोली, बाकं, कोट घातलेली माणसं. पप्पा टोपी मांडीवर घेऊन.

"लग्नातला कुणी पाहुणा होता," ती म्हणाली. "मी नाही ओळखत त्याला."

आवाज सरळ आला, कुठेही न अडखळता. इतका सरळ की तिलाच किळस आली.

"अरेरे," मादाम म्हणाल्या, आणि मग त्यांना गंमत सुचली. "पण इतक्या लोकांनी हाक मारलीय. कोण जाणे, आला असेल इथे!" आणि त्या वळून मागे बघायला लागल्या. त्यांच्याबरोबर सगळेच वळले. हसत, माना उंचावत, एकमेकांकडे बोट दाखवत, तू का रे? तू? दोन्ही म्हातारे मात्र समोर बघत ताठ बसून राहिले.

पाचव्या रांगेत पप्पाही वळले. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या अस्तराला पुसला, परत लावला आणि मागच्या रांगा नीट न्याहाळल्या, घाई न करता, एकेक चेहरा, शेवटच्या भिंतीपर्यंत. कुणाला वाटावं, त्यांना खरोखरच तो माणूस हवा आहे आणि तो सापडला तर आनंद होईल. मग ते पुढे वळले, अर्धे उठले, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाशी बोलतात त्या जपून उच्चारलेल्या फ्रेंचमध्ये म्हणाले, "नाही, मादाम. इथे नाही आलेला तो."

लोक हसले. बिंताने पुढचा प्रश्न कुणाचा म्हणून विचारलं. एलिक्या माइक धरून बसून राहिली, आणि तिला आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती तेव्हा वाटली, कारण पप्पा बोलले त्यावर क्षणभर तिनेसुद्धा विश्वास ठेवला होता.